कुणाकडे जायचंय, साहेब?

काल रात्री साडेनऊला माझ्याच सोसायटीच्या गेटवर मला अडवलं. हातात दुधाच्या दोन पिशव्या, अंगात बर्म्युडा, पायात रबरी चपला. या अवतारात दरोडा घालायला कोण येतं? वॉचमन नवा. "कुणाकडे जायचंय, साहेब?" अरे, ७०४! अकरा वर्षं तिथंच जातोय! "मग ॲपवर अप्रूव्हल लागेल." ॲप फोनात, फोन घरी चार्जिंगला. त्यानं इमानेइतबारे रिक्वेस्ट पाठवली. ती वाजली कुठं? माझ्याच फोनवर! बायकोला तो उघडता येईना, कारण लॉक माझ्या अंगठ्याचं. इंटरकॉम चार महिने बंद. म्हणजे मला आत घ्यायला आत मीच हवा!

वीस मिनिटं उभा. तेवढ्यात एक पिझ्झावाला कुणाच्या तरी गाडीमागून सुळकन आत गेला. त्याला कुणी हटकलं नाही. आणि आत काय, तर विंगच्या दाराला चेहरा ओळखणारं महागडं यंत्र, आणि ते मावशींना ओळखत नाही म्हणून दाराला चोवीस तास वीट लावलेली.

ऑफिसातही तेच. लसूण सोलून गेलो की मशीनला माझा अंगठा परका. वर दर ९० दिवसांनी नवा पासवर्ड: एक कॅपिटल, एक आकडा, एक चिन्ह. अख्खं अकाउंट्स खातं शेवटचा आकडा एकनं वाढवतं आणि चिठ्ठी मॉनिटरला चिकटवतं. हे खूळ ज्यांनी २००३ साली अमेरिकेच्या निस्टसाठी, म्हणजे तिथल्या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेसाठी, लिहून ठेवलं, त्या बिल बर यांनी स्वतःच २०१७ मध्ये पश्चात्ताप बोलून दाखवला. त्याच वर्षी निस्टनंही सांगितलं, उगाच ठरावीक दिवसांनी पासवर्ड बदलायला लावू नका. आमच्या आयटीवाल्यांपर्यंत ही बातमी अजून पोचायचीय.

असो. गेटवरचं ॲप कुणी आणलं, हे विचारू नका. विचारलंच तर, मी. सर्वसाधारण सभेत "वहीत नावं लिहिणं बंद करा" म्हणून भाषण ठोकलं होतं. विरोध फक्त ७०३ च्या काकांचा. त्यांच्याकडे साधा फोन, म्हणून त्यांच्यापुरती वही ठेवली होती.

काल तेच काका शतपावली करत आले. मला पाहून थांबले, पोटभर हसले आणि वॉचमनला म्हणाले, "सोड रे, माझा पाहुणा आहे." वही निघाली. नाव, वेळ, कुणाकडे: ७०३. खाली माझी सही.

आज सकाळी ऑफिसला निघालो, तर वॉचमन वही घेऊन धावत आला. "साहेब, आउट टाइम राहिलाय."