करदात्यांच्या परवानगीचा तो मेसेज: एक उत्तर

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशींना त्यांच्या दुसऱ्या कामाच्या घरातून एक मेसेज आला. खाली लिहिलं होतं, ‘वाचून घ्या, तुमच्यासाठीच आहे.’ मुलाने तो त्यांना मोठ्याने वाचून दाखवला. दुसऱ्या दिवशी कणीक मळता मळता त्यांनी मला विचारलं, “वहिनी, ते दीड हजार तुमच्या पगारातनं कापून देतात का हो?”

तोच मेसेज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आहे, माहेरच्या ग्रुपवर आहे, ऑफिसातही फिरतोय. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. देशात दोन-तीन टक्के लोक कर भरतात आणि बाकीचे त्यांच्या जिवावर फुकट खातात. खासदारांना एक रुपयात चहा मिळतो, पगारावर कर नाही आणि एक दिवस निवडून आलं तरी जन्मभर पेन्शन. लाडक्या बहिणींना दीड हजार मिळायला लागल्यापासून बायका कामाला यायच्या बंद झाल्या आणि राज्य दिवाळखोर झालं. म्हणून करदात्यांची एक संघटना करावी, तिच्या परवानगीशिवाय कुठलीही योजना निघू नये, आणि मतदान फक्त करदात्यांनीच करावं. शेवटी मागणी अशी, की हे सगळं विधानसभा आणि कोर्टाच्या फेऱ्यात न अडकवता सरकारने अध्यादेश काढून एका सहीत करून टाकावं.

कँटीनचं आधी उरकते. संसदेच्या कँटीनची सबसिडी जानेवारी २०२१ मध्ये बंद झाली. तरी एक रुपयाचा चहा अजून फिरतो आहे. खासदारांच्या पगारावर प्राप्तिकर लागतो. करमुक्त आहेत ते दैनिक भत्ता आणि मतदारसंघ भत्ता. इथे एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. उत्तर प्रदेशात मुख्यमंत्री आणि मंत्र्यांचा प्राप्तिकर १९८१ च्या कायद्याने सरकारी तिजोरीतून भरला जायचा, तो २०१९ पर्यंत. मध्य प्रदेशात अशीच पद्धत २०२४ पर्यंत चालू होती. मेसेज लिहिणाऱ्याने हे शोधलं असतं तर त्याच्याकडे खरा मुद्दा असता.

पेन्शनचं बरंचसं खरं आहे. २००४ च्या दुरुस्तीनंतर खासदारांच्या पेन्शनला किमान मुदतीची अट उरलेली नाही. मार्च २०२५ मध्ये ही पेन्शन महिना २५ हजारांवरून ३१ हजार झाली, तीही एप्रिल २०२३ पासून लागू. आपल्याकडे माजी आमदाराला महिना ५० हजार मिळतात आणि पाच वर्षांच्या पुढच्या प्रत्येक वर्षाला आणखी दोन हजारांची भर पडते. १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीला लागलेल्या शिक्षकांची आणि कारकुनांची जुनी पेन्शन याच राज्याने बंद केली, आणि तसं करणाऱ्या सभागृहाने स्वतःची पेन्शन चालू ठेवली. यावर कुणी चिडत असेल तर मी त्याच्या बाजूने आहे. दिव्यांच्या गाड्यांचंही तेच. १ मे २०१७ पासून लाल दिवे बंद झाले म्हणतात, आणि २०२४ मध्ये पुण्यातच एका प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्याच्या खासगी गाडीवर दिवा सापडला.

पण या रागाचं या मेसेजमध्ये काय केलं आहे ते बघा. राग आमदार-खासदारांवर काढलेला असतो आणि तिसऱ्या मुद्द्यापर्यंत येता येता बोट मावशींकडे वळतं. पेन्शन घेणाऱ्यांना काही करता येत नाही, म्हणून दीड हजारवालीला धरायचं.

‘दोन-तीन टक्केच कर भरतात’ हे प्राप्तिकरापुरतं ढोबळमानाने बरोबर आहे. पण २०२४-२५ मध्ये देशात जीएसटीच २२ लाख ८ हजार कोटींच्या घरात गोळा झाला. तो कुणी भरला? मावशींच्या मोबाइलच्या रिचार्जवर १८ टक्के, सिलिंडरवर ५ टक्के. त्यांच्या दोन खोल्यांच्या लाइट बिलात १६ टक्के वीज शुल्क असतं, हवं तर आपलं बिल काढून बघा, तिथेही तोच दर आहे. मुलाच्या गाडीत पेट्रोल भरलं की केंद्राची एक्साइज आणि राज्याचा व्हॅट दोन्ही गेले. कमाईतला जवळजवळ प्रत्येक रुपया ज्यांचा खर्चच होतो, त्यांच्या कमाईतला मोठा वाटा या करांत जातो. त्यांना ‘फुकट खाणारे’ म्हणायला जीभ कशी धजते?

आणि बायका कामाला येत नाहीत म्हणे. महिना दीड हजार म्हणजे दिवसाला पन्नास रुपये. पन्नास रुपयांवर पुण्यात कोण घरी बसून राहतं? ज्या घरातून हा मेसेज मावशींना आला, त्या घरीही त्या रोज सकाळी वेळेवर जातात. घरेलू कामगारांसाठी महाराष्ट्रात २००८ साली कल्याण मंडळाचा कायदा झाला. त्या कायद्याबद्दल एक ओळ या मेसेजमध्ये नाही.

आता संघटनेच्या परवानगीचं. करदात्यांना कधी कुणी विचारत नाही, असं त्यात ठासून लिहिलं आहे. मी एका खासगी कंपनीत पगारपत्रकं करते, म्हणून हा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकला. तुमच्या सॅलरी स्लिपवर ‘पी.टी.’ असं लिहिलेली एक कपात असते. महिन्याला दोनशे रुपये आणि फेब्रुवारीत तीनशे, वर्षाचे अडीच हजार. हा व्यवसाय कर महाराष्ट्रात १९७५ च्या कायद्याने आला, आणि तो आला रोजगार हमीसाठी. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला, शेतात बांध घालण्याच्या कामावर गावंच्या गावं उतरली होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी रोजगार हमीची कल्पना लावून धरली. तिला पैसा हवा होता, म्हणून शहरातल्या पगारदारांवर आणि व्यावसायिकांवर कर बसवायचा आणि त्यातून गावातल्या माणसाला काम द्यायचं, असं विधिमंडळाने उघडपणे ठरवलं. १९७७ मध्ये हमीचा कायदा मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. म्हणजे करदात्याला विचारलं गेलं होतं. त्याने निवडून दिलेल्या माणसांनी सभागृहात बसून, कर कुणावर आणि कशासाठी हे कायद्यात लिहून, मतं टाकून होकार दिला. याच हमीच्या धर्तीवर २००५ साली सगळ्या देशासाठी कायदा झाला.

महाराष्ट्राच्या त्या हमी कायद्यात आणखी एक गोष्ट होती आणि माझ्या लेखी तीच महत्त्वाची. काम मागणाऱ्याचा तो हक्क होता. सरकारचं मन झालं तर देऊ, नाही तर बंद करू, असं म्हणायची सोय कुठल्या मंत्र्याला ठेवली नव्हती.

लाडकी बहीण योजनेची गोष्ट उलटी आहे, आणि इथे मला मेसेजवाल्यांचं थोडं मान्य करावं लागतं. २८ जून २०२४ ला अर्थसंकल्पात घोषणा झाली आणि त्याच दिवशी जीआर, म्हणजे सरकारचा शासन निर्णय, निघाला. लगेच जुलैत ९४ हजार ८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या, त्यात २५ हजार कोटी या योजनेचे. २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान होतं. कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवं, घरात कुणी प्राप्तिकर भरणारं किंवा सरकारी नोकरीत नको, अशा अटी होत्या. पण छाननी निवडणुकीनंतर सुरू झाली आणि लाभार्थींमध्ये दोन हजारांहून जास्त सरकारी कर्मचारी सापडले. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात योजनेसाठी ३६ हजार कोटी आहेत आणि राज्यावरचं कर्ज ९ लाख ३२ हजार कोटींवर जाईल असा अंदाज त्याच अर्थसंकल्पात आहे. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय खात्याचा निधी इकडे वळवला म्हणून खुद्द त्या खात्याच्या मंत्र्यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. दिवाळखोरी हा शब्द चूक आहे, पण काळजी करण्यासारखं यात बरंच काही आहे.

मात्र हे घडलं कशामुळे? सरकारच्या हातात जीआर काढायची मोकळीक होती म्हणून. या योजनेमागे स्वतंत्र कायदा नाही. त्यामुळे निवडणुकीआधी घाईने नावं घालता आली आणि नंतर तितक्याच घाईने वगळता आली. उद्या मावशींचं नाव गेलं तर रोजगार हमीसारखा कायद्याने दिलेला हक्क त्यांच्या हातात नाही. ज्या मोकळीकीमुळे हा घोळ झाला, तीच सरकारला आणखी द्या, अशी मेसेजची शेवटची मागणी आहे. अध्यादेश काढा, एक सही करा, संपवा.

हे वाचून मला सगळ्यात जास्त राग आला, कारण हा मेसेज पुण्यात फिरतोय. अध्यादेशांच्या, म्हणजेच वटहुकुमांच्या, राजवटीला कोर्टात उघडं पाडणारा माणूस याच शहरातला. डेक्कनवरच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले प्राध्यापक डॉ. डी. सी. वाधवा. ते बिहारमधल्या जमीनधारणेचा अभ्यास करायला गेले होते. तिथे त्यांच्या लक्षात आलं, की ज्यांना आपण कायदे समजतोय ते विधानसभेने कधी मंजूरच केलेले नाहीत. राज्यघटनेच्या २१३ व्या कलमाप्रमाणे वटहुकूम काढता येतो तो सभागृह चालू नसताना, तातडीची गरज असेल तर. आणि अधिवेशन सुरू झाल्यावर सहा आठवड्यांत तो विधिमंडळाने मंजूर केला नाही तर संपतो. बिहार सरकारने काय केलं? अधिवेशन संपायचं, की वटहुकूम जसाच्या तसा पुन्हा काढायचा. १९६७ ते १९८१ या काळात असे २५६ वटहुकूम, एक वर्षापासून चौदा वर्षांपर्यंत जिवंत ठेवलेले. अधिवेशन संपत आलं आहे, आपापल्या वटहुकुमांच्या पुनरावृत्तीची तयारी करा, असं पत्रच सगळ्या खात्यांना जायचं.

वाधवांनी एकेका वटहुकुमाची तारीख लावली, सगळं पुस्तकात मांडलं आणि सर्वोच्च न्यायालयात गेले. बिहार सरकारचं म्हणणं होतं, या माणसाचा याच्याशी संबंध काय? न्यायालयाने ते ऐकलं नाही. २० डिसेंबर १९८६ ला सरन्यायाधीश भगवतींच्या पाच जणांच्या खंडपीठाने निकाल दिला: वटहुकूम असे पुन्हा पुन्हा काढणं ही राज्यघटनेशी फसवणूक आहे, कायदे करण्याचं काम विधिमंडळाचं आहे आणि सरकारला ते आपल्याकडे ओढून घेता येणार नाही. वाधवांना खर्चापोटी दहा हजार रुपये द्यायला न्यायालयाने बिहार सरकारला सांगितलं. पुढे २०१७ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने कृष्णकुमार सिंग खटल्यात हीच भूमिका आणखी कडक केली.

त्या वटहुकुमांत ऊस कुणाला आणि कसा घालायचा असे रोजच्या जगण्याचे विषय होते. ज्या शेतकऱ्याला ते लागू होते, त्याने निवडून दिलेल्या आमदाराने त्यावर मत दिलेलं नव्हतं. एका सहीचा कारभार म्हणजे हा. आज ती सही आपल्या मनासारखी होईल असं मेसेज पाठवणाऱ्याला वाटतं. उद्या त्याच सहीने त्याच्या पी.एफ.वर किंवा घराच्या नोंदणीवर काही लादलं, तर विचारायला सभागृह कुठून आणणार?

मताच्या अधिकाराबद्दल तर मला जास्त बोलायचीही इच्छा होत नाही, पण सोसायटीतल्या दोघांनी त्याखाली अंगठे दाखवलेत म्हणून लिहिते. २०२५ च्या अर्थसंकल्पानंतर नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर प्राप्तिकर लागत नाही. अंगठा दाखवणाऱ्या काकांची पेन्शन त्याच्या आत असेल तर त्यांचं मत गेलं. काकूंचं गेलं, हिंजवडीत नुकत्याच लागलेल्या नातवाचं गेलं, कॉलेजमधल्या नातीचं गेलं. अशी पद्धत इंग्रजांच्या काळी होती: मालमत्ता, कर, शिक्षण असेल त्यालाच मत. तिच्या विरोधात डॉ. आंबेडकर १९२८ साली सायमन कमिशनपुढे साक्षीला उभे राहिले आणि त्यांनी सर्व प्रौढांना मताधिकार मागितला. ती साक्ष पुण्यातच झाली होती. घटनेच्या ३२६ व्या कलमात तो अधिकार आला, आणि तो एखाद्या वटहुकुमाने काढता येत नाही.

मावशींना मी सांगितलं, की माझ्या पगारातून कापलेला कर आणि तुमच्या सिलिंडरवर भरलेला कर, दोन्ही सरकारकडेच जातात आणि योजनेचा पैसा तिथूनच येतो. मेसेज पाठवणाऱ्या बाईंनाही हे लिहून पाठवलं आहे. उत्तर आलेलं नाही.

पेन्शन खरंच कमी करायची असेल तर एक ताजा दाखला आहे. पंजाबात माजी आमदारांना प्रत्येक टर्मची वेगळी पेन्शन मिळायची. २०२२ मध्ये भगवंत मान सरकारने ती एकाच टर्मपुरती करायचं ठरवलं आणि त्यासाठी वटहुकूम राज्यपालांकडे पाठवला. राज्यपालांनी तो परत केला: जूनमध्ये अधिवेशन आहे, विधेयक आणा. सरकारने ते ३० जूनला विधानसभेत मंजूर करून घेतलं, ऑगस्टमध्ये कायदा लागू झाला आणि पेन्शन कमी झाली. महाराष्ट्रातल्या आमदारांची पेन्शनही कायद्यानेच ठरते. त्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारं विधेयक, आणि लाडक्या बहिणींसाठी नियम आणि दाद मागायची सोय असलेला कायदा, येत्या अधिवेशनात मांडणार का, हे आपापल्या आमदारांना लेखी विचारा. मी माझ्या मतदारसंघात दोन्ही प्रश्नांचं पत्र दिलं आहे.