जॅकी रॉबिन्सन मूग गिळून मोठा झाला नाही

भाचीने घरच्या ग्रुपवर लिहिलं की नव्या ऑफिसात जेवताना तिच्या आडनावावरून टोमणे मारतात, तक्रार करू का? त्यावर एका काकांनी उपदेश म्हणून जॅकी रॉबिन्सनचा फॉरवर्ड टाकला. खाली हात जोडलेले, मग बाकीच्यांचे अंगठे. मुलगी गप्प झाली. म्हणून हे लिहितोय, कारण हा फॉरवर्ड तुमच्याकडेही आला असणारच.

ज्यांच्याकडे आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: १९४७ साली ब्रुकलिन डॉजर्स हा अमेरिकी बेसबॉल संघ सिनसिनाटीला खेळायला गेला. संघात रॉबिन्सन, बेसबॉलच्या इतिहासातला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. प्रेक्षक शिव्या देतायत, तो गप्प. इतक्यात पी वी रीझ हा गोरा सहकारी चालत जाऊन त्याला मिठी मारतो आणि कानात सांगतो, ‘उद्या आपण सगळेच तुझा ४२ नंबर घालू.’ स्टेडियम अवाक. दुसऱ्या दिवशी सगळे ४२ घालून उतरतात, त्या वर्षी वर्ल्ड सिरीज, म्हणजे बेसबॉलची अंतिम मालिका, जिंकतात, वर्णभेद संपतो. तात्पर्य: त्याने आयुष्यात कधी उलट उत्तर दिलं नाही, म्हणून तो मोठा झाला.

आधी तात्पर्यच घेऊ, कारण विष तिथे आहे.

१९४४ साली रॉबिन्सन अमेरिकी सैन्यात लेफ्टनंट होता. टेक्सासमधल्या छावणीत बसच्या ड्रायव्हरने त्याला मागे जाऊन बसायला सांगितलं. तो उठला नाही. प्रकरण कोर्ट मार्शलपर्यंत गेलं आणि तो निर्दोष सुटला. म्हणजे बेसबॉलच्या मोठ्या मैदानात पाऊल ठेवायच्या तीन वर्षं आधी हा माणूस नोकरी पणाला लावून ‘नाही’ म्हणाला होता. डॉजर्सचा सूत्रधार ब्रँच रिकी याने त्याला निवडलं तेव्हा हा इतिहास त्याला माहीत होता. सुरुवातीची काही वर्षं हात उचलायचा नाही, तोंड उघडायचं नाही, असं रिकीने त्याच्याकडून कबूल करून घेतलं. का? एक हाणामारी झाली असती तरी ‘बघा, आम्ही म्हणत नव्हतो?’ म्हणायला अख्खा देश टपलेला होता. ही मुदतीची रणनीती होती, स्वभाव नव्हे. मुदत संपली आणि १९४९ मध्ये तो पंचांशी, प्रतिस्पर्ध्यांशी उघड भांडू लागला. त्याच वर्षी त्याची फलंदाजीची सरासरी .३४२ होती (दर हजार प्रयत्नांत ३४२ हिट) आणि नॅशनल लीगचा, म्हणजे दोन मोठ्या लीगपैकी एकीचा, सर्वोत्तम खेळाडूही तोच ठरला. उलट उत्तर देऊन!

त्या गप्प बसण्याची किंमतही फॉरवर्डमध्ये नाही. २२ एप्रिल १९४७, ब्रुकलिनचं एबेट्स फील्ड, समोर फिलाडेल्फिया फिलीज. त्यांचा मॅनेजर बेन चॅपमन आणि त्याचे खेळाडू बाकावरून सतत वर्णावरून घाण शिव्या देत होते. आत्मचरित्रात रॉबिन्सन सांगतो की कोसळून पडायच्या इतका जवळ तो दुसऱ्या कुठल्याच दिवशी आला नव्हता. बॅट टाकून तिकडे जावं आणि एकाचं तरी थोबाड फोडावं असं त्याला वाटत होतं. गेला नाही. आठव्या डावात त्याने हिट मारली, म्हणजे फटका मारून पहिला बेस (धावेच्या चार टप्प्यांतला पहिला) गाठला, फटक्याविना धावत दुसरा बेस ‘चोरला’, चुकलेल्या थ्रोवर तिसऱ्यावर पोचला आणि सहकारी जीन हर्मान्स्कीच्या फटक्यावर घरी आला. सामन्यातली एकमेव धाव तीच, डॉजर्स १-०. त्या मालिकेत शेवटी फिलीजवर ओरडला तो एडी स्टँकी, दुसऱ्या बेसवरचा सहकारी. उलट उत्तर देणारा माणूस तिथेही लागलाच. पुढे मे महिन्यात, चॅपमनची नोकरी वाचावी म्हणून रॉबिन्सनला त्याच्यासोबत फोटो काढायला लावलं. दोघांनी एकच बॅट धरली आहे, हस्तांदोलन नाही. तो फोटो काढून घेणं फार जड गेलं, हेही त्याने नंतर लिहिलं. सलोख्याचा फोटोच पाठवायचा तर काकांनी हा पाठवावा.

आणि ‘सहन कर’ हे सांगायला अमेरिकेपर्यंत जायची गरज काय होती? दलित क्रिकेटपटू पळवणकर बाळूंना पुण्यात पॅव्हिलियनबाहेर मातीच्या भांड्यात चहा मिळायचा, हे आपल्याला ठाऊक आहे. १९२० मध्ये या भावंडांना डावललं गेलं तेव्हा बाळूंचे भाऊ शिवराम आणि विठ्ठल यांनी जाहीर निवेदन काढून सामन्यातून अंग काढून घेतलं. १९२३ मध्ये विठ्ठल हिंदू संघाचा कर्णधार झाला. गप्प बसून नव्हे.

आता ती मिठी. इथे थोडं मान्य करायला हवं, नाइलाजाने. रीझने रॉबिन्सनच्या खांद्यावर हात ठेवला होता. पण कुठे? खुद्द रॉबिन्सनचं आत्मचरित्र त्याच्या मृत्यूच्याच वर्षी, १९७२ मध्ये आलं. त्यात प्रसंग आहे बोस्टनचा. शेरेबाजी बोस्टनच्या खेळाडूंची, तीही रीझला उद्देशून. रीझ काय बोलला? रॉबिन्सन म्हणतो, मला आठवत नाही, शब्द महत्त्वाचे नव्हते. ज्याच्या कानात बोललं गेलं त्याला आठवत नाही, आणि फॉरवर्ड लिहिणाऱ्याला मात्र संवाद पाठ!

मैदानाचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. रीझ शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे. १९४७ मध्ये रॉबिन्सन पहिल्या बेसवर खेळायचा, पार पलीकडच्या बाजूला. म्हणजे मिठी मारायला रीझला सगळं आतलं मैदान ओलांडून जावं लागलं असतं. अशक्य नाही, पण एवढं नाटक झालं असतं तर मे १९४७ च्या सिनसिनाटीच्या सामन्यांच्या वृत्तांतात एखादी ओळ तरी आली असती. नाही आली. १९४८ मध्ये स्टँकी बोस्टनला गेला, रॉबिन्सन दुसऱ्या बेसवर आला आणि रीझचा शेजारी झाला. तेव्हा दोन पावलांत खांद्यावर हात, हे सहज पटतं. सिनसिनाटीचं नाव चिकटलं कारण रीझ केंटकीचा आणि ते राज्य तिथून नदीपलीकडे. गोष्टीला गावकऱ्यांसमोरची परीक्षा हवी होती. २००५ मध्ये कोनी आयलंडला दोघांचा पुतळा उभा राहिला, मग काय, शिक्कामोर्तब. फॉरवर्डसोबतचा रंगीत ‘१९४७ चा फोटो’ सिनेमातला आहे.

रीझचं खरं श्रेय मला त्याहून मोठं वाटतं. १९४७ च्या वसंतात रॉबिन्सन नको म्हणून डॉजर्सच्याच काही खेळाडूंनी अर्ज फिरवला. दक्षिणेतला असूनही रीझने सही केली नाही. मॅनेजर लिओ ड्युरोशरने पनामात मध्यरात्री खेळाडूंना उठवून झापलं, अर्ज तिथेच मेला. यात मिठी नाही, म्हणून फॉरवर्डमध्येही नाही. वेंडेल स्मिथही नाही. हा कृष्णवर्णीय पत्रकार अनेक वर्षं लेखणीने हा दरवाजा ठोठावत होता आणि त्यानेच रिकीला रॉबिन्सनचं नाव सुचवलं.

सगळ्यांनी ४२ घातला, ही तर कमाल आहे. १९५१ मध्ये सिनसिनाटीतच रॉबिन्सनला गोळी घालायची धमकी आली, तेव्हा हर्मान्स्की गमतीत म्हणाला की सगळेच ४२ घालू. विनोद होता, कुणी घातला नाही. १९९७ मध्ये सगळ्या संघांनी तो नंबर निवृत्त केला, म्हणजे नव्या कुणाला देणं बंद केलं. दर १५ एप्रिलला सगळे ४२ घालतात ती प्रथा तर २००९ पासूनची.

‘पहिला’ हेही अर्धंच खरं. १८८४ मध्ये मोझेस फ्लीटवुड वॉकर टोलेडोकडून मेजर लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च स्तरावर, खेळला होता. दार नंतर बंद केलं गेलं. विसाव्या शतकातला पहिला म्हणा, भांडण मिटलं.

वर्णभेद संपला? १९४७ चा हंगाम संपेपर्यंत सगळ्या मेजर लीगमध्ये मिळून पाच कृष्णवर्णीय खेळाडू उतरले होते. बोस्टन रेड सॉक्सने पहिला घेतला १९५९ मध्ये.

आणि १९४७ ची वर्ल्ड सिरीज डॉजर्स हरले, न्यूयॉर्क यांकीजकडून, सातव्या सामन्यात. जिंकले ते १९५५ मध्ये. पण त्या हरलेल्या मालिकेतला चौथा सामना मात्र बघण्यासारखा होता. यांकीजचा चेंडू टाकणारा बिल बेव्हन्स, त्याने नवव्या, म्हणजे शेवटच्या, डावात दोन बाद होईपर्यंत एकही हिट दिली नव्हती. बदली म्हणून आलेल्या कुकी लाव्हाजेटोने चेंडू उजवीकडच्या भिंतीवर आपटला, दोघे धावत घरी आले, डॉजर्स ३-२. काका, ग्रुपवर काही टाकायचंच असेल तर हे टाका.