पुन्हा सीडी रायटर गायब!

विंडोज या ऑपरेटिंग सिस्टीमचं मोठं अपग्रेड आलं की माझ्या पोटात गोळाच येतो. काल तिसऱ्यांदा तेच. सीडी रायटर गायब! ट्रे उघडतो, दिवा लागतो, बायोसमध्ये (संगणक सुरू होताना आधी चालणारा मूळ प्रोग्राम) नाव दिसतं. म्हणजे यंत्र ठणठणीत. यंत्रांची यादी दाखवणाऱ्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये मात्र पिवळं उद्गारचिन्ह आणि 'कोड 39', म्हणजे ड्रायव्हर (यंत्र चालवणारा छोटा प्रोग्राम) लोड होत नाही.

आणि जो तो सांगतो, केबल बदल, नवा ड्राइव्ह घे. अहो, केबलचा काय संबंध? जुनी बर्निंग (सीडीवर लिहिणारी) सॉफ्टवेअर्स रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात, 'अपरफिल्टर्स' आणि 'लोअरफिल्टर्स' अशा नोंदी करून ठेवतात: या ड्राइव्हसोबत आमचा ड्रायव्हरही लोड कर. अपग्रेडमध्ये त्यांच्या ड्रायव्हरची फाइल उडते, नोंद तशीच राहते. मग सिस्टीम नसलेली फाइल शोधत बसते आणि अख्खा ड्राइव्हच नाकारते. रजिस्ट्रीतल्या सीडी-डीव्हीडी ड्राइव्हच्या विभागातल्या (क्लास) त्या नोंदी काढून रीस्टार्ट केलं की ड्राइव्ह परत दिसतो. (आधी रजिस्ट्रीचा बॅकअप घ्याच, तिथे भलतंच काही पुसलं तर मोठं संकट.)

फाइल नाही तर नोंद पुसा, एवढं अपग्रेडला स्वतः करता येऊ नये? नुसता 'कोड 39' वाचून सामान्य माणसाने करायचं काय?

माझी मावशी आजीच्या ओव्यांचं रेकॉर्डिंग अजून सीडी प्लेअरवरच ऐकते. तिची सीडी चरे पडून अडकायला लागलीय. काल नवी करून देणार होतो. ड्राइव्ह आला, पण नोंदी काढल्यावर बर्निंग सॉफ्टवेअर चालेना, आणि त्याचा जुना इन्स्टॉलर नव्या सिस्टीमवर उघडतच नाही. रात्रीचे दोन वाजले. कोरी सीडी अजून ट्रेमध्येच आहे.