अस्वलं गावात का आली

गेल्या शुक्रवारी, 12 डिसेंबर 2025 ला, जपानमधल्या क्योतोच्या कियोमिझुदेरा मंदिरात 'वर्षाची कांजी', म्हणजे वर्षाचं चित्राक्षर, जाहीर झाली. लोकांनी पाठवलेल्या मतांमधून दर डिसेंबरात एक अक्षर निवडतात आणि मंदिराचे मुख्य पुजारी ते भल्यामोठ्या कागदावर जाड कुंचल्याने लिहितात. यंदाचं अक्षर 'कुमा', म्हणजे अस्वल.

त्याच रात्री चिपळूणहून मावशीचा फोन आला. "अगं, तिकडे परक्या लोकांना घालवून देतायत म्हणे. टीव्हीवर दाखवत होते. तुमचं काय होणार?" गेल्या पाच महिन्यांत हा प्रश्न मला निदान वीस जणांनी विचारलाय. आमच्या इथल्या मराठी ग्रुपवर तर रोज कोणी ना कोणी विचारतंच, "परत जायचं का?" म्हणून आज सविस्तर लिहितेय. माझ्या मते अस्वलं आणि आम्ही परदेशी या दोन बातम्यांचं मूळ एकच आहे, आणि ते शेजारच्या आजींमुळे माझ्या लक्षात आलं.

आजी 83 वर्षांच्या आहेत. तोक्योतल्या निशी-कासाई स्टेशनपासून थोडं आत आमची गल्ली आहे, तिथे आमच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. त्या मूळच्या उत्तरेकडच्या आकिता प्रांतातल्या. पंधराव्या वर्षी शाळा संपली आणि गावातल्या इतर मुलामुलींबरोबर त्यांना रेल्वेत बसवून तोक्योला पाठवलं. पन्नास-साठच्या दशकात अशा खास गाड्याच सुटायच्या. उएनो स्टेशनवर कारखान्यांची माणसं हातात पाट्या घेऊन उभी असायची आणि आपापली मुलं घेऊन जायची. या मुलांना पुढे 'सोन्याची अंडी' असं नाव पडलं. आजी सांगतात, पहिली दोन वर्षं त्या दुकानात तोंड उघडत नसत. आकिताची बोली ऐकली की तोक्योची माणसं हसायची.

हे ऐकताना मला माझे आजोबा आठवले. गुहागरजवळच्या गावातून ते मुंबईच्या गिरणीत गेले, गाळ्यात वीस माणसांबरोबर राहिले आणि वर्षातून दोनदा, शिमग्याला आणि गणपतीला, घरी आले. आकितातही अशीच माणसं होती. बर्फ पडला की शेतकरी तोक्योत बांधकामावर यायचे आणि वसंतात पेरणीला परतायचे.

ऑक्टोबरात आजींच्या गावाकडून फोन आला. गावातलं त्यांचं घर बारा वर्षांपासून बंद आहे. भाऊ वारला तेव्हापासून तिथे कोणी राहत नाही. अंगणात 'काकी'चं झाड आहे, केशरी फळांचं. फळं उतरवायला कोणी नाही, ती झाडावरच पिकतात. तिथे अस्वल आलं. दोन रात्री झाडाखाली बसून होतं. पलीकडच्या घरात एकटी राहणारी नव्वदीची बाई दारं लावून आत. गावाने आजींना विनंती केली की झाड तोडून टाका. आजींनी पैसे पाठवले आणि झाड तोडलं. ते त्यांच्या वडिलांनी लावलं होतं. मला हे सांगताना त्या रडल्या नाहीत, पण हातातला चहा तसाच गार झाला.

यंदा जपानमध्ये अस्वलांच्या हल्ल्यात तेरा माणसं गेली. नोंदी ठेवायला लागल्यापासून इतकी कधीच गेली नव्हती. नोव्हेंबरात आकितात लष्कर पाठवावं लागलं, पिंजरे वाहायला आणि लावायला. जंगलात बीचच्या बिया यंदा फार कमी आल्या, हे एक कारण. दुसरं कारण गावात गेलं की डोळ्यांना दिसतं. पूर्वी डोंगर आणि वस्ती यांच्यामध्ये शेतं होती, लाकूडफाट्यासाठी साफ ठेवलेलं रान होतं, कुत्री होती, माणसांचे आवाज होते. आता तिथे कमरेएवढं गवत आहे. बंदूक चालवणारे शिकारी स्वतःच सत्तरीपुढचे आहेत. माणूस मागे सरकला, म्हणून अस्वल पुढे आलं.

कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडे अस्वलाच्या जागी वानर आणि रानडुक्कर आहेत. गेल्या मे महिन्यात गावी गेले तेव्हा काकांनी शेताच्या मागच्या दोन कोपऱ्यांत काही लावणंच सोडून दिलं होतं. "कोणासाठी लावू? वानरांसाठी?" आमच्या वाडीतल्या चौदा घरांपैकी नऊ घरांना गणपतीपर्यंत कुलूप असतं. 2001 ते 2011 या दहा वर्षांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. सारा देश वाढत असताना हे दोन जिल्हे रिकामे होत होते.

आता जपानचे आकडे बघा. 2024 मध्ये इथे जपानी आईवडिलांच्या पोटी 6 लाख 86 हजार मुलं जन्मली आणि 16 लाख 5 हजार माणसं वारली. 2011 च्या जनगणनेत अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 16 लाख 15 हजार होती. म्हणजे एक रत्नागिरी जिल्हा एका वर्षात गेला आणि त्याच्या निम्मीसुद्धा माणसं आली नाहीत. 2023 च्या पाहणीत देशात 90 लाख घरं रिकामी निघाली. अशा घराला 'आकिया' म्हणतात. आजींचं घर त्या 90 लाखांतलं एक.

तांदळाचंही तेच आहे. मी भात खाणाऱ्या घरातली, त्यामुळे हे मला फार लागलं. 2024 च्या उन्हाळ्यात दुकानातल्या तांदळाच्या फळ्या रिकाम्या झाल्या. आदल्या वर्षीच्या उष्म्याने दाण्याची प्रत घसरली होती. त्यात ऑगस्टमध्ये मोठ्या भूकंपाची सूचना निघाली आणि लोकांनी पोती भरून ठेवली. 2025 च्या वसंतात पाच किलोची पिशवी चार हजार येनच्या वर गेली, वर्षभरापूर्वीच्या दुप्पट. आमच्या दुकानात 'कुटुंबाला एकच पिशवी' अशी पाटी लागली. लोक शांतपणे रांगेत उभे राहिले, कोणी आवाज चढवला नाही. मे महिन्यात कृषिमंत्री एका सभेत म्हणाले की आपण कधी तांदूळ विकत घेतलेलाच नाही, समर्थक इतका देतात की घरात मावत नाही. तीनच दिवसांत त्यांचं मंत्रिपद गेलं. इथली माणसं गप्प असतात म्हणजे त्यांना काही वाटत नाही असं नव्हे, हे मी त्या आठवड्यात शिकले.

सरकारने राखीव साठ्यातला तीन-चार वर्षं जुना तांदूळ दोन हजार येनला विकायला काढला. 2025 च्या शेवटी नव्या तांदळाची पिशवी पुन्हा चार हजारांच्या वर गेली. दर का चढतो याच्या चर्चेत व्यापारी, सहकारी संस्था, साठेबाजी सगळं येतं. शेती हेच मुख्य काम असलेल्या इथल्या शेतकऱ्याचं सरासरी वय 2024 मध्ये 69 होतं, ही गोष्ट मात्र मागे राहते. शिवाय भाताखालची जमीन कमी करा, असं सरकारनेच 1970 च्या सुमारापासून 2018 पर्यंत शेतकऱ्यांना सांगितलं आणि त्यासाठी पैसे दिले. पन्नास वर्षं 'कमी लावा' ऐकलेल्या शेतकऱ्याचा मुलगा शेतात कसा राहील?

तर अशा देशात जुलैमध्ये वरिष्ठ सभागृहाची निवडणूक झाली आणि 'निहोनजिन फास्तो', म्हणजे आधी जपानी माणूस, ही घोषणा देणाऱ्या सान्सेइतो पक्षाला 14 जागा मिळाल्या. निवडणुकीच्या दिवसांत आमच्या स्टेशनसमोर प्रचाराची गाडी उभी होती आणि मी भाजीची पिशवी घेऊन तिच्या समोरून गेले. कोणी मला काही बोललं नाही, कोणी वाईट नजरेनेही पाहिलं नाही. पण तेरा वर्षांत पहिल्यांदा मी जरा भराभर चालले.

त्यानंतर ऑगस्टमध्ये आणखी एक प्रकार झाला. चार शहरांची चार आफ्रिकी देशांशी 'होमटाउन' म्हणून जोडी लावायची, अशी एक साधी योजना होती. त्यावरून शहरं आफ्रिकेला दिली, हजारो लोक येणार, अशी अफवा उठली. नगरपालिकांचे फोन दिवसभर खणखणत राहिले आणि महिन्याभरात योजना रद्द झाली. ऑक्टोबरात ताकाइची सानाए पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या. परदेशी लोकांविषयीच्या धोरणासाठी त्यांच्या मंत्रिमंडळात वेगळी जबाबदारी दिलेली आहे. व्यवसायाच्या व्हिसासाठी लागणारं भांडवल 50 लाख येनवरून एकदम 3 कोटींवर गेलंय. छोटं हॉटेल किंवा किराणा दुकान टाकायचं स्वप्न पाहणाऱ्या आपल्या माणसांना हा मोठा फटका आहे.

मावशीला मी सांगितलं ते इथेही सांगते. कोणी कोणाला घालवत नाहीये. नियम कडक होतायत, आणि त्यातले काही बरोबरही आहेत. कर बुडवणाऱ्याला, विम्याचे पैसे न भरणाऱ्याला जाब विचारलाच पाहिजे. पण परदेशी माणूस हाच देशापुढचा मोठा प्रश्न असल्यासारखं जे बोललं जातंय ते खोटं आहे, आणि ते मी ठामपणे म्हणते. 2025 च्या जूनअखेर इथे 39 लाख 50 हजारांच्या वर परदेशी होते, लोकसंख्येच्या जेमतेम तीन टक्के. आकिताच्या त्या गावात तर एकही नाही. तिथलं झाड कोणा परदेशी माणसामुळे तोडावं लागलं नाही.

मला इथे त्रास झालाच नाही असं नाही. दोन हजार अठरा साली घर बदलताना एजंट आमच्यासमोर फोन लावायचा आणि पहिलंच वाक्य असायचं, "परदेशी आहेत, चालेल का?" आमचा पगार, नोकरी, मुलाची शाळा हे सगळं नंतर. सात घरांनी नकार दिला. आठवं घर मिळालं, ते आजींच्या शेजारचं. सात वेळा आपल्या तोंडावर ते वाक्य ऐकणं काय असतं ते ज्याने ऐकलंय त्यालाच कळेल.

पण दुसरी बाजूही मांडायला हवी. इथे 'मेइवाकु' हा शब्द मूल चालायला लागल्यापासून ऐकतं. आपल्यामुळे दुसऱ्याला त्रास होता कामा नये. याच शब्दामुळे तोक्योच्या गाडीत गर्दी असूनही डोकं शांत राहतं. आणि याच शब्दामुळे आजी फेब्रुवारीत चार दिवस तापाने फणफणत पडल्या तरी आमची बेल वाजली नाही. दारातला पेपर तसाच दिसला म्हणून मी गेले. मी पेज करून नेली, वर थोडं मेतकूट. त्या म्हणाल्या, "हे तर ओकायु!", म्हणजे जपानी पेज, आणि वाटी संपवली. मग तीनदा माफी मागितली, मला त्रास दिल्याबद्दल. पोलिसांच्या आकडेवारीप्रमाणे 2024 मध्ये 76 हजार माणसं घरात एकटी असताना मेली, त्यातली बहुतेक 65 च्या वरची. त्यांतल्या कितीजणांनी बेल वाजवायला हात उचलून खाली घेतला असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

आपल्या माणसांनाही मला बोलायचंय. निशी-कासाईत भारतीय किराणा मिळतो, भारतीय शाळा आहे, नवरात्र-दिवाळी होते. दहा वर्षं राहून जपानीत फक्त 'आरिगातो' येणारी माणसं मला माहीत आहेत. जळणारा कचरा आणि प्लास्टिक एकाच पिशवीत टाकणारीही. 'पाच वर्षांनी जायचंच आहे' असं म्हणत पंधरा वर्षं काढायची आणि शेजाऱ्याचं नावही माहीत नसायचं, याला मी राहणं म्हणत नाही. निशी-कासाई ज्यात येतं त्या याच एदोगावा वॉर्डाच्या सभेवर 2019 मध्ये योगेंद्र पुराणिक निवडून आले. आपल्यातला माणूस जपानी मतदारांच्या दारात गेला आणि त्यांनी त्याला मत दिलं.

सरकारची चूक याहून मोठी आहे. 1993 पासून 'तांत्रिक प्रशिक्षणार्थी' या नावाखाली शेतात, कारखान्यात, बांधकामावर माणसं आणली. मालक बदलायची मुभा जवळजवळ नव्हती, कुटुंब आणायचीही नाही. ती पद्धत 2027 मध्ये बदलतेय. उशीर झाला, पण बदलतेय याचा मला आनंद आहे. उएनोला उतरलेल्या पंधरा वर्षांच्या आजी आणि आमच्या कोपऱ्यावरच्या कोनबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानात, रात्रपाळी करणारा नेपाळी मुलगा, यांच्यात मला तरी फरक दिसत नाही. आजी राहिल्या, त्यांचं लग्न झालं, मुलं झाली, त्या तोक्योच्या झाल्या. त्या मुलालाही तेवढाच वेळ आणि तेवढीच जागा मिळायला हवी.

जाता जाता एक. मी लग्नानंतर माहेरचं आडनाव ठेवलंय आणि इथे कोणी हरकत घेत नाही, कारण मी परदेशी. माझ्या जपानी मैत्रिणीला ही मुभा नाही. दोघांचं आडनाव एकच हवं असा कायदा आहे आणि शंभरातल्या सुमारे 95 जोडप्यांत बाईच बदलते. पहिली महिला पंतप्रधान याच्या विरोधात आहे, याचं मला वाईट वाटतं. पुन्हा कधीतरी यावर लिहीन.

आता मुद्द्याचं. वर्षाच्या शेवटी गल्लीत रात्री गस्त घालायची जुनी रीत आहे. लाकडी पट्ट्या एकमेकींवर आपटत, "हि नो योओजिन!" म्हणत फिरायचं, म्हणजे आगीपासून जपा. आमच्या चोनाइकाइकडे, म्हणजे गल्लीच्या मंडळाकडे, पूर्वी तीस माणसं असायची. यंदा यादीत सहा नावं होती, सगळ्यांत तरुण माणूस 68 वर्षांचा. परवा आजी फिरती सूचना-वही घेऊन आल्या आणि बराच वेळ दारात उभ्या राहून शेवटी म्हणाल्या, "तुम्हा दोघांना मेइवाकु नसेल तर..." आम्ही दोघांनी नावं लिहिली. कोनबिनीतल्या मुलालाही विचारलं, त्या रात्री त्याची सुट्टी आहे, तो येतोय.

रविवार, 28 डिसेंबर, संध्याकाळी सात. अर्ध्या तासाची फेरी आहे. जपानी येत नसलं तरी ओरडायचे शब्द तीनच आहेत. निशी-कासाई, कासाई भागात जे कोणी आहात आणि सुट्टीत भारतात जात नाही आहात, त्यांनी मला मेसेज करा, जागा कळवते. कानटोपी आणि हातमोजे घालून या. फेरीनंतर आजी सगळ्यांना आमाझाके देणार आहेत, तांदळाचं गरम गोड पेय. किती जण येणार ते त्यांना शुक्रवारपर्यंत सांगायचंय.