काकांचा बाप्तिस्मा खोटा नव्हता

रविवारची मिस्सा आटोपून वसईहून मावशीचा फोन आला. आवाज बसलेला. "अगं, तुझ्या काकांचा बाप्तिस्मा धरलाच जात नाही म्हणे. मग ते गेले कुठे?" काका अहमदनगरचे, मराठी मिशनच्या प्रोटेस्टंट मंडळीत (चर्चमध्ये) बाप्तिस्मा घेतलेले; मावशी कॅथलिक. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली. सत्तरी ओलांडलेल्या बाईला हा घोर लावला व्हॉट्सॲपवरच्या एका मेसेजने. तो म्हणतो: पहिली दीड हजार वर्षं सगळ्या ख्रिस्ती मंडळीचं एकमत होतं, रोमच्या बिशपचा, म्हणजे पोपचा, शब्द अंतिम होता, बायबलची पुस्तकं 325 साली नायसियाच्या परिषदेत ठरली. मग 1517 मध्ये प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या लूथरने फूट पाडली, आज 40,000 पंथ आहेत आणि त्यांचा बाप्तिस्मा व्यर्थ आहे.

शेवटचंच आधी घेते, कारण मावशी रडली ती त्यावरून.

बाप्तिस्म्यावर म्हणे एकमत! तिसऱ्या शतकात मंडळी हमरीतुमरीवर आली ती याच प्रश्नावर. फुटून गेलेल्या गटात बाप्तिस्मा झालेला माणूस परत आला, तर त्याला पुन्हा बाप्तिस्मा द्यायचा का? उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचे बिशप सिप्रियन म्हणाले, द्यायचा; बाहेरचा बाप्तिस्मा बाप्तिस्माच नव्हे. रोमचे बिशप स्टीफन म्हणाले, मुळीच नाही. डोक्यावर हात ठेवून आत घ्या. 256 मध्ये कार्थेजला 87 बिशप जमले आणि त्यांनी रोमच्या विरुद्ध कौल दिला. सिप्रियनचा पत्रव्यवहार आजही वाचायला मिळतो. त्यातलं 75वं पत्र कप्पदुकियातल्या कैसरियाचे बिशप फर्मिलियन यांचं आहे. ते स्टीफनना सुनावतात की सगळ्यांना तोडायला निघालास आणि तूच सगळ्यांपासून तुटलास. ज्याचा शब्द अंतिम मानतात, त्याला असं कुणी लिहितं का?

आणि मेसेज लिहिणाऱ्याने एवढा तरी विचार करायचा होता. रोमचा शब्द अंतिम मानला, तर काकांचा बाप्तिस्मा खरा ठरतो, कारण रोमचं म्हणणं तेच होतं. 314 मध्ये आर्लच्या परिषदेनेही त्रैक्याच्या, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या, नावाने झालेला बाप्तिस्मा पुन्हा देऊ नये असं ठरवलं. 1964 च्या व्हॅटिकन परिषदेच्या आदेशात वेगळ्या झालेल्या बांधवांचा रीतसर बाप्तिस्मा मान्य केलेला आहे. तो खोटा म्हणायचा, तर रोमला सोडून सिप्रियनच्या बाजूला उभं राहावं लागतं. स्टीफन आणि सिप्रियन दोघेही आज संत आहेत.

बाकीचं थोडक्यात. दीड हजार वर्षांची एकी? 431 च्या इफिससच्या परिषदेनंतर पूर्वेची मंडळी वेगळी झाली, 451 च्या खाल्सेदोनच्या परिषदेनंतर कॉप्टिक, आर्मेनियन आणि सिरियन, 1054 ला कॉन्स्टँटिनोपल. आपल्याच देशातलं पाहा. केरळच्या थोमा ख्रिस्ती लोकांना रोमखाली आणायला गोव्याचे आर्चबिशप मेनेझिस 1599 मध्ये उदयंपेरूरला गेले, आणि 1653 मध्ये मट्टनचेरीच्या क्रुसापाशी त्या लोकांनी जेझुइटांना (रोमच्या एका धर्मसंघाला) न मानण्याची शपथ घेतली. यात लूथर कुठे आला?

नायसियाने 20 नियम केले, त्यातला एकही बायबलच्या पुस्तकांबद्दल नाही. नव्या कराराच्या नेमक्या 27 पुस्तकांची यादी अलेक्झांड्रियाचे बिशप अथनासियस यांच्या 367 च्या पुनरुत्थान सणाच्या पत्रात आहे. 40,000 चा आकडा देशागणिक मोजून फुगवलेला. त्या हिशेबात एकच चर्च जितक्या देशांत, तितक्या वेळा धरलं जातं.

एक मान्य करावं लागतं, मनाविरुद्ध. रोमच्या मंडळीला सुरुवातीपासून मोठा मान होता. पहिल्या शतकाच्या अखेरीस तिने करिंथकरांना समजावणीचं पत्र लिहिलं आणि तिथे ते पुढे कित्येक वर्षं उपासनेत वाचलं जाई. आणि हो, आम्ही प्रोटेस्टंट नको तितके फुटलो. पाळकावरून भांडण झालं की पलीकडच्या गल्लीत दुसरी मंडळी उभी, हे मी लहानपणापासून पाहत आले आहे. पण त्या भांडणाने कुणाच्या डोक्यावरचं पाणी पुसलं जात नाही.

मावशीला फोनवर मी एकच विचारलं, "1974 ला तुमचं लग्न तुमच्याच देवळात लागलं. तेव्हा फादरांनी काकांना पुन्हा बाप्तिस्मा घ्यायला लावला होता का?"

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "नाही गं. नगरहून आणलेला दाखला तेवढा बघितला, आणि वहीत नोंद केली."