घरात लहान मूल आणि समोर अख्खा दिवस

सुट्ट्या लागल्या, बाहेर पाऊस कोसळायला लागला, नाहीतर मुलाला बारीक ताप असला की ओळखीच्या आयांकडून, आणि हल्ली बाबांकडूनही, एकच विचारणा येते: "दिवसभर घरात याला रमवू कसं? काहीतरी अ‍ॅक्टिव्हिटी सांग ना." मी लहान मुलांच्या वर्गाला शिकवते आणि घरी माझी दोन आहेत, मुलगा तीन वर्षांचा, मुलगी सहाची. त्यामुळे माझ्याकडे अ‍ॅक्टिव्हिटींची लांबलचक यादी तयारच असणार असं सगळ्यांना वाटतं. तशी यादी मी कुणाला देत नाही. का देत नाही, ते आज सविस्तर लिहिते.

इंटरनेटवर सापडणाऱ्या बहुतेक अ‍ॅक्टिव्हिटींमध्ये शेवटी काय तयार व्हायला हवं ते आधीच ठरलेलं असतं. कागदी ताटलीचा सिंह, कापसाची मेंढी, हाताच्या ठशांचं झाड. आईने आदल्या रात्री आकार कापून ठेवायचे आणि मुलाने सकाळी दाखवलेल्या जागी ते चिकटवायचे. त्याने मेंढीचा डोळा पोटावर लावला की मोठ्यांचा हात पुढे येतोच, "तिथे नाही रे, इथे लाव." पाच मिनिटांत मेंढी तयार, फोटो काढून झाला, आणि मूल पुन्हा "आता काय करू?" म्हणत पायात घुटमळतंय. आई दमलेली आणि मुलाचं डोकं कामाला लागलेलंच नाही. एखाद्या दिवशी हौसेने जरूर करा, माझी काही हरकत नाही. पण रोजचा दिवस त्यावर निघत नाही. रोजच्यासाठी असे खेळ लागतात ज्यांना ठरलेला शेवट नसतो, जे मूल हवं तिथे थांबवतं आणि हवं तिथून पुन्हा सुरू करतं.

अशा खेळांत माझ्या लेखी पहिला मान पाण्याचा. एक पसरट टब, त्यात चार बोटं पाणी, दोन-तीन वेगवेगळ्या आकाराचे पेले, एक नरसाळं, एक स्पंज, खाली जुनी चादर. बास. माझी मुलगी चारेक वर्षांची असताना असंच खेळत होती. तिने बुटक्या रुंद पेल्यातलं पाणी उंच, बारीक बाटलीत ओतलं, बाटलीकडे बघितलं आणि ओरडली, "आई, पाणी वाढलं!" मग तेच पाणी परत पेल्यात ओतलं आणि गंभीरपणे म्हणाली, "आता कमी झालं." पुन्हा बाटलीत, पुन्हा पेल्यात, तिचं चालूच. भुवया आक्रसलेल्या, जीभ ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आलेली, आजूबाजूचं भानच नाही. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी मुलांच्या विचार करण्याच्या पद्धतीवर जे प्रयोग केले, त्यांतला अगदी गाजलेला प्रयोग हाच. भांड्याचा आकार बदलला तरी आतलं पाणी तेवढंच राहतं, हे साधारण सातेक वर्षांपर्यंत बहुतेक मुलांना पटत नाही. उंची वाढली म्हणजे पाणीही वाढलं, हा त्यांचा हिशोब असतो. तो त्यांचा त्यांनाच सुटावा लागतो. "अगं, पाणी तेवढंच आहे" असं मी तिला सांगितलं असतं तर तिने मान डोलावली असती आणि खेळ तिथेच संपला असता.

पाण्याबाबत एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. अगदी थोड्या, बोटभर-दोन बोटं पाण्यातसुद्धा लहान मूल बुडू शकतं, आणि तेही आवाज न करता. त्यामुळे पाण्याचा खेळ चालू असेल तोवर मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवं. फोन वाजला, दार वाजलं, तर मुलाला उचलून बरोबर घ्यायचं. खेळ संपला की टब लगेच रिकामा करून पालथा घालायचा.

आता सगळ्या मुलांना एकच खेळ आवडेल असं नाही, म्हणून नवीन काही शोधण्याआधी आपलं मूल सध्या आपणहून काय करतंय ते दोन दिवस नीट बघा. माझा धाकटा सध्या वाहतुकीच्या धंद्यात आहे. चपला, उशीचे अभ्रे, ताईचे खडू, माझा चष्मा, सगळं पिशवीत भरून या खोलीतून त्या खोलीत नेतो आणि "सामान आलं!" म्हणून रितं करतो. दुसरं एखादं मूल सगळं फेकत सुटतं, तिसरं प्रत्येक गोष्ट कशात तरी गुंडाळतं, चौथं गोल फिरणाऱ्या वस्तूंमागे वेडं असतं. बालशिक्षणात अशा पुन्हापुन्हा होणाऱ्या कृतींना 'स्कीमा' म्हणतात. आपल्याला तो उपद्व्याप वाटतो, पण मूल त्यातून वजन, अंतर, आत-बाहेर, वर-खाली हे समजून घेत असतं. म्हणून फेकणाऱ्या मुलाला "फेकू नको" असं दिवसभर बजावण्यापेक्षा मोज्यांचे गोळे करून द्या आणि लांब एक टोपली ठेवा. भरणाऱ्याला पिशव्या, डबे आणि एखादं जड पुस्तक द्या. गुंडाळणाऱ्याला रुमाल द्या, जुने टॉवेल द्या, पण दोऱ्या आणि लांब नाड्या हाताशी ठेवू नका, गळ्याभोवती अडकतात. त्या क्षणी मुलाला जी गोष्ट करून बघायची आहे तीच नीट करायला मिळाली की ते जे रमतं, ते आपण आखून दिलेल्या कुठल्याच कार्यक्रमात रमत नाही.

खेळणी कमी करा, हेही माझं ठाम मत आहे. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठातल्या संशोधकांनी 2018 साली एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. दीड ते अडीच वर्षांच्या मुलांना एकदा 4 खेळणी दिली आणि एकदा 16. चार असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. वर्गात मी हे कायम बघते. कपाट उघडं टाकलं की मुलं नुसती उचलतात आणि टाकतात. घरी निम्म्याहून जास्त खेळणी खोक्यात बंद करून वर ठेवा आणि दर काही दिवसांनी अदलाबदल करा. खाली उतरवलेलं जुनंच खेळणं मुलं नव्यासारखं घेतात.

आणि खेळण्यांपेक्षा सुट्या वस्तू बऱ्या. सायमन निकल्सन या ब्रिटिश कलाकाराने 1971 साली मांडलं होतं की कल्पकतेला वाव मिळतो तो हलवता, जोडता, बदलता येणाऱ्या सुट्या गोष्टींमुळे. मोठं पुठ्ठ्याचं खोकं, लाकडाचे ठोकळे, झाकणं, कपड्यांचे चिमटे, चादरी. बटण दाबल्यावर गाणारी गाडी फक्त गाडीच राहते. खोकं मात्र सकाळी बस असतं, दुपारी दवाखाना. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी एक सोपी चाचणी लक्षात ठेवा: टॉयलेट पेपरच्या आतल्या पुठ्ठ्याच्या नळीतून जी वस्तू आरपार जाते, ती त्यांच्या हाती द्यायची नाही, घशात अडकू शकते. रिमोटमध्ये आणि खेळण्यांमध्ये असतात त्या चपट्या गोल बटण-बॅटऱ्या तर घरात कुठे कुठे आहेत ते आजच बघून घ्या. गिळलेली बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही गंभीर इजा होते. तशी नुसती शंका आली तरी वाट न बघता थेट रुग्णालय गाठायचं.

घरकामात मुलांना घ्या, हे सगळेच सांगतात, पण घेताना आपण एक गोष्ट विसरतो: ते काम खरं असायला हवं. मारिया मॉन्टेसरी यांनी 6 जानेवारी 1907 रोजी रोममध्ये गरीब वस्तीतल्या मुलांसाठी पहिलं बालगृह सुरू केलं. तिथल्या मुलांना खोट्याखोट्या खेळण्यांपेक्षा खरं, हाताने करायचं काम जास्त ओढून घेतं हे त्यांनी पाहिलं. प्लास्टिकचा खोटा झाडू मूल मिनिटभरात टाकून देतं. खरा, पण त्याच्या उंचीला बेतलेला झाडू आणि जमिनीवर खडूने आखलेला चौकोन द्या, "सगळा कचरा या चौकोनात आणायचा" म्हणा, आणि बघा. मोज्यांच्या जोड्या लावणं, डब्यांना झाकणं शोधणं, झाडांना पाणी घालणं, हे तीन वर्षांच्या मुलाला सहज जमतं. वेळ तिप्पट लागतो हे खरं. पण त्या वेळात मूल आपल्यासोबत असतं आणि रडत नसतं, मग तो वेळ वाया गेला असं कसं म्हणायचं?

अंगातली रग जिरली नाही तर वरचं काहीच चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार 1 ते 4 वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून किमान 180 मिनिटं हालचाल व्हायला हवी, आणि 3-4 वर्षांच्या मुलांच्या बाबतीत त्यातली तासभर तरी चांगली दमवणारी. घरात एवढं कुठून होणार, असं वाटेल. फरशीवर कागदी चिकटपट्टीची नागमोडी वाट करा आणि त्यावरून उलटं चालायला सांगा. गाद्या जमिनीवर टाका, उशांचे डोंगर करा. टेबलावर चादर टाकून बोगदा करा. गाणं थांबलं की पुतळा व्हायचं, हा खेळ तर दोन वर्षांपासून आजोबांपर्यंत सगळ्यांना चालतो. हे सकाळी करा. दमलेलं मूल मग ठोकळे घेऊन शांत बसतं, हा क्रम उलटा केला तर बसत नाही.

आता मोठ्यांनी काय करायचं. माझा अनुभव असा की सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटं मनापासून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, मुलाजवळ जमिनीवर बसलं की पुढचा वेळ मूल स्वतः ओढून नेतं. पोटभर लक्ष मिळालेलं मूल मागे मागे फिरत नाही. मग उठा आणि त्याच खोलीत आपलं काम करा. एकदा ते रमलं की मध्ये बोलू नका. "वा, काय सुंदर!", "हे काय काढलंस?", "हा रंग कोणता?" या आपल्या प्रेमाच्या प्रश्नांनीसुद्धा तंद्री मोडते. त्याने आपण होऊन दाखवायला आणलं की भरभरून बोला. फोटोसुद्धा नंतर काढा.

आणि "मला कंटाळा आलाय" हे ऐकल्या ऐकल्या धावत जाऊ नका. मी धाकट्याला जवळ घेते, "हो का? बस मग माझ्याजवळ," एवढंच म्हणते आणि माझं काम चालू ठेवते. तो लोळतो, कुरकुरतो, माझ्या पाठीवर चढतो. मग केव्हातरी खाली उतरून खुर्चीखाली शिरतो आणि तिथे त्याचं काहीतरी सुरू होतं. मधली ती कुरकुर सोसणं मोठ्यांना जड जातं, पण आपण तेवढ्यात पर्याय पुढे केला तर स्वतःचा खेळ शोधायची वेळच त्याच्यावर येत नाही.

स्क्रीनबद्दल विचारलं जातंच. त्याच 2019 च्या सूचनांत वर्षाच्या मुलाला स्क्रीन नकोच असं म्हटलं आहे, आणि 2 ते 4 वर्षांसाठी दिवसाला फार तर एक तास, त्याहून कमी तर उत्तमच. मला हे पटतं आणि घरी आम्ही ते पाळायचा प्रयत्न करतो. पण घरात एकटी आई आहे, तिला स्वतःला ताप आहे, मदतीला कुणी नाही, तिने अर्धा तास कार्टून लावून पाठ टेकली तर तिला कुणी टोचून बोलू नये. तिने फक्त इतकंच बघावं: मधल्या भागात बंद न करता गोष्ट पूर्ण झाल्यावर बंद करावं, "हे संपलं की बंद" असं सुरुवातीलाच सांगावं, आणि बंद झाल्या झाल्या हातात चित्र किंवा कोडं देऊ नये. त्या वेळी मुलाचं अंग आंबलेलं असतं आणि बसून करायचं काहीही त्याला नकोसं होतं. पलंगावरून गादीवर दहा उड्या मारायला लावा, नाहीतर सरळ पाण्याच्या टबाकडे न्या, आणि आपणही शेजारी बसा.