माणसं घडवा, पण रजिस्टरात

अभिनंदन! चाकणच्या कंपनीत एचआर हेड म्हणून रुजू झाल्या झाल्या मालकांनी तुम्हाला केबिनमध्ये बोलावून "मला इथलं कल्चर बदलायचंय" असं सांगितलं असेल. घाबरू नका, तुमच्या आधीच्या दोघांनाही त्यांनी हेच सांगितलं होतं. फक्त "बजेट किती?" असं विचारू नका. कल्चर तिथेच बिघडतं.

सुरुवात फ्लेक्सपासून करा. 'कर्मचारी हीच आमची खरी संपत्ती', गेटवर, सिक्युरिटी केबिनच्या वर. कंत्राटी कामगारांचं गेट वेगळं असेल तर तिथे लावायची गरज नाही. ती ठेकेदाराची संपत्ती.

मग वर्षातून एकदा 'ट्रेनिंग नीड'चा फॉर्म वाटा. व्हीएमसीवरचा (संगणकाच्या हुकमावर धातू कापणाऱ्या मशीनवरचा) पोरगा लिहील, प्रोग्रॅमिंग शिकायचंय. सुपरवायझर लिहील, पोरांना ड्रॉइंग वाचता येत नाही. हे सगळं नीट फाइलला लावा आणि सरसकट सगळ्यांना 'टाइम मॅनेजमेंट'चं ट्रेनिंग द्या. तीन तासांत उरकतं, मशीन थांबत नाही, आणि गेल्या वर्षी 'पॉझिटिव्ह अॅटिट्यूड' शिकवून गेलेला ट्रेनरच त्याच स्लाइड घेऊन येतो. वेळ मात्र नाइट शिफ्ट सुटल्यानंतरची ठेवा. ज्याची झोपेची वेळसुद्धा आपण ठरवतो त्याला वेळेचं नियोजन शिकवण्यात वेगळीच मजा आहे. पोरगं मागच्या खुर्चीत घोरायला लागलं तरी उठवू नका, सही आधीच घेऊन ठेवलेली असते.

प्रोग्रॅमिंगचं काय? ते तो भोसरीतल्या क्लासला स्वतःच्या पैशाने, शिफ्ट सांभाळून शिकेल. शिकला की त्याचं नाव आपल्या वार्षिक अहवालात 'इन-हाउस डेव्हलपमेंट'खाली टाका.

आता खरं काम, स्किल मॅट्रिक्स, म्हणजे कुणाला कुठलं मशीन किती येतं याचा तक्ता. लाइनच्या टोकाला भिंतीवर तो लावलेला असतो. एका बाजूला नावं, वर मशीन, आणि प्रत्येक चौकटीत चार भाग पाडलेला एक गोल. पाव भरलेला म्हणजे शिकतोय, अर्धा म्हणजे कुणाच्या तरी नजरेखाली करतो, पाऊण म्हणजे एकटा करतो, आणि पूर्ण काळा म्हणजे दुसऱ्याला शिकवू शकतो. आयएसओ ९००१ या गुणवत्तेच्या मानकाचं कलम ७.२ सांगतं की माणूस कामाला लायक आहे का ते बघा, नसेल तर तयार करा, तयारीचा उपयोग झाला का ते तपासा आणि पुरावा ठेवा. चारातलं शेवटचं तेवढं मनापासून करा. ऑडिटच्या आदल्या संध्याकाळी काळं स्केचपेन घेऊन बसलं की तासाभरात अख्खी लाइन निष्णात होते. सगळे गोल मात्र पूर्ण भरू नका, ऑडिटरही या धंद्यात नवा नसतो. दोन-चार पाऊणवर ठेवले की 'सुधारणेला वाव' दिसतो. आणि सोडून गेलेल्यांची नावं आधी काढा. मला ठाऊक असलेल्या एका ठिकाणी राजीनामा देऊन गेलेला गडी पुढच्या ऑडिटपर्यंत प्रेस ब्रेकवर (पत्रा वाकवायच्या मशीनवर) अर्ध्याचा पाऊण झाला होता.

अडचण एकच, प्रेस शॉपमधले काका. डाय, म्हणजे प्रेसमधला साचा, नीट बसली नाही हे त्यांना आवाजावरून कळतं. नवी पोरं जे काही शिकतात ते चहाच्या सुट्टीत त्यांच्याकडूनच. "अरे, क्लॅम्प असा नाही आवळायचा, बोट जाईल," हे वाक्य तुमच्या कुठल्याच ट्रेनिंग कॅलेंडरमध्ये नाही, आणि नसू द्या. काकांना ट्रेनर म्हणून कागदावर आणलंत तर उद्या भत्ता मागतील. निवृत्तीला शाल-श्रीफळ द्या, फोटो ग्रुपवर टाका. पुढे रिजेक्शन, म्हणजे नापास माल, वाढलं तर व्हेंडरच्या मटेरियलवर ढकला.

शिकाऊ पोरांच्या बाबतीत तर सरकारच तुमच्या मदतीला आहे. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याचं कलम १८ स्पष्ट म्हणतं, अप्रेंटिस हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नव्हे. ३० किंवा अधिक माणसं असतील तर अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात, आणि राष्ट्रीय प्रोत्साहन योजनेत स्टायपेंडचा चौथा हिस्सा, महिन्याला १,५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार उचलतं. कायद्याला अपेक्षा आहे ती शिकवण्याची. तुम्ही त्याला पहिल्या दिवसापासून प्रॉडक्शनला उभा करा, काम करता करताच माणूस शिकतो असं आपले वाडवडीलही सांगून गेलेत. ओव्हरटाइमला सरकारच्या अप्रेंटिसशिप सल्लागाराची मंजुरी लागते, म्हणून त्याला ओव्हरटाइम म्हणायचं नाही. 'एक्स्ट्रा लर्निंग' म्हणायचं.

मुळशीच्या रिसॉर्टवरची सहल, रस्सीखेच, डोळे मिटून मागे पडणं वगैरे तुम्हाला माहीतच आहे. तिथे मॅनेजर लोकच जातात.

राहता राहिला बॉण्ड, म्हणजे ठरल्या मुदतीआधी नोकरी सोडली तर पैसे भरायचा करार. शिकवलं काहीच नाही तर बॉण्ड कसला, असं एखादा डिप्लोमावाला विचारील. त्याला सांगा की २०२५ साली विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास २ लाख भरण्याची अट वैध ठरवली. तिथे प्रश्न वरिष्ठ अधिकाऱ्याचा होता, आणि सार्वजनिक बँकेला जागा भरायची तर पुन्हा जाहिरात देऊन रीतसर भरती करावी लागते हेही न्यायालयाने पाहिलं होतं. तेवढा भाग वाचून दाखवू नका. आपल्याकडे जागा भरायची तर ठेकेदाराला एक फोन पुरतो, हे त्यालाही माहीत असतं.

तरीही जाणारे जातात. एक्झिट फॉर्मवर कारणाच्या रकान्यात पोरं लिहितात, 'शिकायला काही मिळालं नाही'. फॉर्म परत द्या आणि प्रेमाने सांगा, "असं लिहिलंस तर फुल अँड फायनलला, शेवटच्या हिशेबाच्या पैशांना, उशीर होतो रे." तो खोडून 'घरगुती कारण' लिहील. वर्षअखेरीस हे फॉर्म मोजा आणि मालकांना तक्ता दाखवा की आपल्याकडे लोक कंपनीला नव्हे, घरच्यांना कंटाळून सोडतात. पुढच्या वर्षीच्या बजेटात 'फॅमिली डे' मंजूर करून घ्यायला हा तक्ता फार कामी येतो.